कारखाना नसलेला कारखानदार



जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्याला विडीचा धंदा दूरचा वाटतो. तो सिन्नरचा, संगमनेरचा, सोलापूरचा, अशी त्याची समजूत असते. परंतु विडीचे अंग ज्या पानाचे, ती टेंभुर्णी यावल, चोपडा, शिरपूरच्या माथ्यावरील सातपुड्यातही वाढते. ऐन उन्हाळ्यात आदिवासी कुटुंबे हे पान तोडतात आणि त्याच्या जुड्या बांधतात. आतील तंबाखू निपाणीचा नाहीतर गुजरातेतील चरोतरचा. वळणारे हात तिसऱ्याच गावचे. मग विडी-कारखानदार स्वतः नेमके काय निर्माण करतो? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात या धंद्याचा सारा इतिहास सामावलेला आहे.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे विडीचे जुने केंद्र. तेथील भिकुसा यमासा क्षत्रिय ही पेढी या धंद्यातील नामांकित होय. नाशिकचे गोखले एज्युकेशन सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालय याच नावाने चालते. विडीच्या पैशाने शिक्षणाला हात दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेच नाव आणखी एका ठिकाणी कायमचे नोंदले गेले आहे, ते म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत. तेथे समोरचा पक्ष होता संगमनेर-अकोला तालुका बिडी कामगार युनियन. हे अकोला नगर जिल्ह्यातील, वऱ्हाडातील नव्हे. निरनिराळ्या भागांना किमान वेतनाचे निरनिराळे दर लावणे हा समतेचा भंग आहे, अशी मालकपक्षाची तक्रार होती. साठीच्या दशकाच्या आरंभी न्यायालयाने ती फेटाळली. ज्या समतेचा आधार कामगाराने घ्यावा, तिचाच आधार मजुरी रोखण्यासाठी घेतला जात होता.

या धंद्याची रचना मुळातच अशी आहे की मालकाला कामगार दिसू नये. ठेकेदार पान आणि तंबाखू वजन करून देतो. बाई पान भिजवते, मापाने कापते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडून दोरा बांधते. मजुरी हजारावर मोजली जाते. माल परत करताना काही विड्या नापास ठरतात आणि त्यांचे दाम मिळत नाहीत. पान खराब निघाले, तरी तूट तिनेच भरून द्यायची. यंत्र नाही, छप्पर नाही, दिवाबत्ती नाही. हे सारे कामगाराच्या घरचे. भट्टीवर शेकून विडीला लेबल लागले की ती मालकाची होते. मालकाचे खरे भांडवल हे लेबल आहे.

पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीच्या ‘संभाजी’ या छापाविरुद्ध आंदोलन झाले आणि 2020-21 च्या सुमारास कंपनीने तो छाप सोडून ‘साबळे’ हे नाव घेतले. थोर पुरुषाचे नाव विडीवर नसावे, ही मागणी रास्तच होती. परंतु लेबलावरील नावासाठी महाराष्ट्र जेवढा हलला, तेवढा लेबलामागच्या हातांसाठी कधी हलला काय?

कायद्याला या हातांपर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. 1961 साली महाराष्ट्रातील एका विडी-कारखानदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की, मर्जीप्रमाणे येणारा-जाणारा आणि नगावर मजुरी घेणारा माणूस कारखाना कायद्याखालील ‘कामगार’ नव्हे. 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला आणि घरी वळणाऱ्यालाही कामगार म्हटले. मालक पुन्हा न्यायालयात गेले. 1974 साली न्यायालयाने कायद्याचा गाभा उचलून धरला. 1985 साली भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही घरी वळणाऱ्यांना मिळाला. मध्यंतरी 1976 च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कामगारांच्या दवाखान्यांची आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांची तरतूद केली होती.

आज हा क्रम उलटा फिरला आहे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. सप्टेंबर 2025 मध्ये कर परिषदेने विडीवरील कर 28 टक्क्यांवरून 18 वर आणि टेंभुर्णीच्या पानावरील कर 18 वरून 5 वर आणण्याचे ठरवले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि 1966 चा कायदा त्यांपैकी एकीत विलीन झाला. कराची सवलत पाकिटापर्यंत पोहोचते. ती वळणारीच्या सुपापर्यंत आणि पान तोडणारीच्या जुडीपर्यंत पोहोचावी, असे बंधन मात्र कोणावर नाही.

येथे एक अडचणीचा प्रश्न प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. तंबाखू माणसे मारतो. विडी गरिबाची म्हणून ती कमी घातक ठरत नाही. ओढणाराही कष्टकरीच आणि तंबाखूची धूळ छातीत घेणारी बाईही कष्टकरीच. मग समाजवादी कार्यकर्त्याने धंदा वाचवायचा की बुडवायचा? केरळने या प्रश्नाला काही उत्तर दिले आहे. 1966 चा कायदा लागू होताच मंगळूरच्या मालकाने कण्णूर भागातील काम बंद केले आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. त्यांनी सरकारच्या साहाय्याने 1969 साली ‘दिनेश’ ही सहकारी संस्था उभारली. पुढे विडीचा खप उतरला तेव्हा तीच संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपडे यांकडे वळली. संस्था कामगारांची होती, म्हणून धंदा उतरणीला लागल्यावर तिला कामगारांसाठी दुसरी वाट शोधावी लागली. खासगी मालकावर असे कोणतेच बंधन नसते.

खानदेशातील कामाची दिशा यातूनच निघते. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी टेंभुर्णीच्या पानावर ग्रामसभेची मालकी मान्य केली आहे. गडचिरोलीतील ग्रामसभांनी आपल्या पानाचा लिलाव स्वतः करून दाखवला आहे. सातपुड्याच्या अनुसूचित गावांत हे कायदे वाचून दाखवणे, पानाचा हिशेब ग्रामसभेच्या वहीत आणणे, आणि जिथे विड्या वळल्या जातात तिथे प्रत्येक बाईचे नाव, ओळखपत्र आणि निधीचा खाते-क्रमांक तपासणे, ही कामे सभेच्या ठरावाने होत नाहीत. त्यासाठी घरोघर जावे लागते. हा मालक कारखान्याच्या दारात सापडत नाही, म्हणून संघटनेनेही दारावर थांबून चालणार नाही. जिथे त्याने काम पाठवले, त्या प्रत्येक घरापर्यंत तिला जावेच लागेल.