फाटकाची रुंदी आणि ओंडक्याचें वजन

(नभोवाणीवरील भाषण)

झाडें छाटणाऱ्या आणि उतरविणाऱ्या कारागिरानें ओंडके वाहण्याचें लहान यंत्र कसें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय. तो ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. चार खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या माणसाला असल्या यंत्राशीं काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु पुष्कळ पैसा घालून एखादी वस्तु घेतांना माणूस कोठें चुकतो, हें या उदाहरणांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल. शिवाय येथें चुकीची किंमत केवळ पैशांत मोजावी लागत नाहीं. ती कधीं माणसाच्या पाठीच्या कण्यानें, तर कधीं शंभर वर्षांच्या एखाद्या जिवंत झाडानें द्यावी लागते. म्हणून थोडा वेळ आपण माझ्याबरोबर अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत चलावें, अशी विनंति आहे.

मिनेसोटाच कां? या यंत्राचा जन्म तेथला, हें एक कारण; आणि त्याची आज तेथें जी निकड भासते ती डोळ्यांना दिसण्यासारखी आहे, हें दुसरें. तेथील नगरांच्या रस्त्यांकडेला आणि घरांमागील अंगणांत ‘ॲश’ जातीचीं झाडें फार. पूर्व आशियांतून आलेला, हिरव्या चकाकत्या पाठीचा एक चिमुकला भुंगेरा २००२ सालीं मिशिगन संस्थानांत प्रथम ओळखला गेला, आणि २००९ सालीं तो मिनेसोटांतील सेंट पॉल शहरांत सांपडला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात. झाडाचा रस वाहण्याचे मार्गच तुटतात आणि उपचार न झालेलें झाड बहुधा कांहीं वर्षांत मरतें. मेलेल्या ॲशचें लांकूड लौकर ठिसूळ होतें, त्यामुळें त्यावर माणूस चढविणें धोक्याचें. असें झाड घराच्या पाठीमागें उभें असतें. तें तुकड्यातुकड्यांनीं उतरवावयाचें आणि रस्त्यावरील गाडीपर्यंत न्यावयाचें असतें.

उतरविण्याचें काम पाहण्यास शेजारीपाजारी जमतात. वाहून नेण्याचें काम कोणी पाहत नाहीं. पण दिवसाचे खरे तास तेथेंच जातात. तीन-चार माणसांची टोळी फांद्या ओढीत, ओंडके लोटीत सायंकाळपर्यंत राबते. विशींतला तरुण तें हंसत करतो. चाळिशींत त्याची कंबर त्याला प्रत्येक ओंडक्याचा हिशेब विचारूं लागते. टोळीच्या मालकापुढें म्हणून प्रश्न उभा राहतो. यंत्र घ्यावें, तर पंजासहित तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात, आणि ते बहुधा कर्जाऊच काढावे लागतात. न घ्यावें, तर चांगलीं माणसें टिकत नाहींत. चुकीचें घेतलें, तर कर्जहि उरतें आणि कंबरहि जाते.

आतां यंत्राची जन्मकथा थोडक्यांत सांगतों, कारण निवडीचा सारा मंत्र तिच्यांत आहे. मिनेसोटांतील रॉथसे या खेड्यांत सिरिल आणि लुई केलर हे दोघे बंधु लोहारकामाचें दुकान चालवीत. टर्की पक्षी पाळणारा एक शेतकरी त्यांच्याकडे अडचण घेऊन आला. त्याच्या कोठारांत खांब जवळजवळ होते आणि वरच्या मजल्यावरची घाण काढावयाची होती. नेहमीचें यंत्र खांबांमधून वळेना, आणि वरच्या मजल्यावर नेण्याइतकें तें हलकें नव्हतें. केलर बंधूंनीं १९५७ सालीं तीन चाकांचें एक चिमुकलें यंत्र बनवून दिलें. पुढें शेजारच्या नॉर्थ डकोटांतील मेलरो कंपनीनें तें उचललें. १९६० सालीं त्याला चार चाकें मिळालीं. एका बाजूचीं चाकें थांबवून दुसऱ्या बाजूचीं फिरविलीं कीं यंत्र जागच्या जागीं घसरत वळतें, म्हणून त्याचें नांव ‘स्किड लोडर’. १९६२ पासून ‘बॉबकॅट’ या रानमांजराच्या नांवानें तें जगभर गेलें. पाठीमागच्या फळीवर उभें राहून चालवावयाची त्याची धाकटी भावंडें पुढें निघालीं. झाडांच्या कामाला बहुधा तींच घेतात.

या कथेंतील मर्म लक्षांत घ्या. केलर बंधूंनीं ‘अधिकांत अधिक शक्तीचें यंत्र कोणतें?’ असा प्रश्न स्वतःला विचारलाच नाहीं. खांबांमधली वाट किती आणि मजला किती वजन सोशील, एवढेंच त्यांनीं पाहिलें. यंत्र जागेच्या मापानें जन्मलें. विकत घेणारा मात्र दुकानांत शिरतांच हें विसरतो, आणि अश्वशक्तीचा आंकडा वाचून डोलूं लागतो.

तेव्हां पहिलें माप फाटकाचें. अमेरिकन घराच्या मागील अंगणांत जाण्याचें फाटक पुष्कळदां ३६ इंचांचें, म्हणजे सुमारें ९१ सेंटिमीटरांचें असतें. या धाकट्या यंत्रांपैकीं कित्येक ८५ ते ९० सेंटिमीटर रुंदीचीं असतात, तीं त्यांतून जातात. मोठें, आंत बसून हांकावयाचें यंत्र जात नाहीं. मग कुंपण सोडवावें लागतें किंवा ओंडके पुन्हां हातांनींच वाहावे लागतात, आणि यंत्र रस्त्यावर उभें राहून त्यांची वाट पाहतें. फाटकापुढील वाटहि पाहावी. पायरी, उतार, भिंतीलगत ठेवलेलें वातानुकूल यंत्र, गांवाबाहेरच्या घरांत जमिनीखालीं पुरलेली मैल्याची टांकी, यांपैकीं एकानेंहि वाट अडूं शकते. गेल्या वर्षभराच्या कामांची वही उघडून, त्यांपैकीं किती ठिकाणीं हें यंत्र पोंचलें असतें, हें मालकानें आधीं मोजावें.

दुसरें माप ओंडक्याचें. येथें शाळेंतील भूमितीच उपयोगीं पडते. ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२० सेंटिमीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याचें घनफळ सुमारें ०.३४ घनमीटर भरतें. ओल्या ॲशचें वजन घनमीटरला सुमारें ७७० किलो, म्हणजे हा ओंडका २६० किलोंचा झाला. तोच ओल्या ओकचा असेल, तर घनमीटरला सुमारें एक हजार या हिशेबानें ३४० किलोंचा होतो. आणि व्यास दुप्पट झाला, तर वजन दुप्पट नव्हे, चौपट होतें. डोळ्याचा अंदाज येथें हमखास फसतो.

आतां यंत्र किती उचलतें? येथें एक बारीक मेख आहे. यंत्राच्या पुढें भार वाढवीत गेलें कीं एका वजनाला तें पुढच्या बाजूस कलंडतें. त्याला उलटण्याचें वजन म्हणूं. प्रत्यक्ष कामाला सुरक्षित म्हणून छापतात तो आंकडा त्याचाच अंश असतो. रूढ प्रमाणांप्रमाणें चाकांच्या यंत्राला तो उलटण्याच्या वजनाच्या निम्मा धरतात, आणि रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राला ३५ टक्के. म्हणजे १,३०० किलोंना उलटणाऱ्या दोन यंत्रांपैकीं एकाच्या पत्रकांत ६५० आणि दुसऱ्याच्या पत्रकांत ४५५ छापलेलें असेल. पहिलें अधिक बळकट, असें वाचणाऱ्याला वाटेल. वस्तुतः दोन्ही सारखींच. म्हणून आंकडा पाहण्यापूर्वीं तो कोणत्या मापानें काढला आहे हें विचारावें.

त्या ४५५ मधून पंजाचें वजन वजा करावयाचें असतें, कारण पंजा हाहि उचललेला भारच. पंजा १३० किलोंचा धरला तर उरले ३२५. आपला ॲशचा ओंडका यांत बसतो, ओकचा बसत नाहीं. मग मोठें यंत्र घ्यावें काय? तसें नव्हे. ओकचा ओंडका १२० ऐवजीं एक मीटर लांबीचा कापला, तर तो सुमारें २८३ किलोंचा होतो आणि सुखानें जातो. करवतीचा एक वाढीव छेद हा कांहीं मिनिटांचा खर्च. मोठें यंत्र हा कित्येक वर्षांच्या हप्त्यांचा खर्च. शहाणा मालक वर्षांतून दोनदां भेटणाऱ्या राक्षसी खोडासाठीं यंत्र घेत नाहीं. रोजच्या ओंडक्यासाठीं घेतो, आणि त्या दोन दिवसांपुरतें मोठें यंत्र भाड्यानें आणतो.

तिसरें माप जमिनीचें, आणि माझ्या मतें हें सर्वांत महत्त्वाचें. १,४०० किलोंचें यंत्र दोन पट्ट्यांवर उभें आहे. प्रत्येक पट्टा २० सेंटिमीटर रुंद आणि ११० सेंटिमीटर लांबीपर्यंत जमिनीला टेकलेला आहे, असें धरा. भार ४,४०० चौरस सेंटिमीटरांवर पसरला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तिसऱ्या हिश्शाच्या किलोइतका दाब. तेंच वजन चार लहान टायरांवर आलें कीं दाब कित्येक पट होतो. म्हणून मऊ हिरवळीवर पट्टे बरे. पण पट्टेहि निर्दोष नाहींत. जागच्या जागीं वळतांना ते गवत सोलून काढतात. चालविणाऱ्यानें लांब वळसा घेण्याची संवय लावली पाहिजे. उचललेला ओंडका पुढें असला कीं सारा दाब पट्ट्यांच्या पुढच्या टोकावर येतो, हेंहि विसरतां कामा नये.

गवत पुन्हां उगवतें. झाडाचीं मुळें तितकी क्षमा करीत नाहींत. पुष्कळशीं मुळें जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरांतच पसरलेलीं असतात आणि फांद्यांच्या सावलीबाहेरहि जातात. माती दाबली गेली कीं तींतील हवेच्या पोकळ्या मिटतात, मुळांचा श्वास कोंडतो, आणि झाड दोन-चार वर्षांनीं शेंड्याकडून वाळूं लागतें. तोंवर यंत्र आणि त्याचा मालक दोघेहि सर्वांच्या स्मरणांतून गेलेले असतात. मेलेला ॲश काढावयास आलेल्या टोळीनें शेजारच्या जिवंत ओकलाच मरणाची वाट दाखवावी, याहून दुःखद प्रकार कोणता? तेथील जाणते लोक एक ठोकताळा सांगतात: खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचें वर्तुळ झाडाभोंवतीं काढावें आणि त्यांत वजन नेऊं नये. ५० सेंटिमीटरांच्या खोडाला हें वर्तुळ सहा मीटरांचें होतें. जाणें अटळच असेल, तर फळ्या अंथराव्या. मिनेसोटासारख्या थंड मुलखांत तर हिंवाळ्यांत जमीन गोठून दगडासारखी होते, तेव्हां असलीं कामें काढण्याचा परिपाठ आहे.

उरलीं तीं बारीकसारीक मापें. या यंत्रांपैकीं पुष्कळ २५ अश्वशक्तीच्या किंचित् आंत कां थांबतात, याचें कुतूहल वाटेल. अमेरिकेच्या धुराविषयींच्या कायद्यांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारें २५ अश्वशक्ति, ही एक सीमारेषा आहे. तिच्यावरच्या डिझेल एंजिनाला अधिक कडक नियम लागतात, आणि बहुधा धूर गाळण्याची जास्त सामग्री जोडावी लागते. रेषेखालचें एंजिन साधें राहतें. केवळ पंजा चालवावयाचा असेल, तर तें पुरतें. बुंधे कुरतडणारें अवजार जोडावयाचें असेल, तर दाबाखालील तेलाचा प्रवाह किती, हें पाहावें लागतें.

आणखी एक पर्याय आहे. मधोमध सांधा असलेलें, कमरेंत वळणारें यंत्र. फिनलंडांत १९९१ सालीं स्थापन झालेली ॲव्हांट ही कंपनी अशीं यंत्रें करते. तें घसरत वळत नाहीं, म्हणून हिरवळ राखतें; पण पूर्ण वळलेल्या स्थितींत त्याचें उलटण्याचें वजन कमी होतें, हें चालविणाऱ्यानें मनांत कोरून ठेवावें. यंत्र कोणतेंहि असो, ओंडका जमिनीलगत धरून चालणें, आणि उतारावर जड बाजू चढाकडे ठेवणें, हे दोन नियम मोडणाऱ्याला एंजिनाची कोणतीहि शक्ति वांचवीत नाहीं. आणि विकत घेण्यापूर्वीं एक आठवडा तें भाड्यानें आणून, स्वतःच्या नव्हे तर टोळींतील सर्वांत नवख्या माणसाच्या हातीं देऊन पाहावें. रोज तें त्याच्याच हातीं राहणार आहे.

श्रोतेहो, मिनेसोटांतून आतां घरीं परतूं. आपल्या नगरांत झाड तोडावयाचें, तर १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण झाडाच्या मुळांवरून काय गेलें, हें परवानगीच्या कागदावर लिहिलेलें नसतें. पावसाळ्यापूर्वीं आपल्या आवारांत छाटणीची माणसें येतील, तेव्हां किती पैसे घेणार, हें आपण विचारालच. त्याबरोबर ‘आंत कोणत्या वाटेनें येणार, आणि ओंडके कशानें नेणार?’ एवढें आणखी विचारा. ज्यानें वाट आधीं पाहिली असेल तो चटकन् उत्तर देईल. ज्याला उत्तर सुचणार नाहीं, त्याच्यापाशीं यंत्र कितीहि मोठें असलें, तरी आपल्या आंब्याच्या मुळांवर त्याला घेऊं नका.