मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं?

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता. आजचा भाग सातवीच्या विज्ञानावर आहे. थांबा, लगेच बंद करू नका!

रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची सातवीत आहे, दुसऱ्या दिवशी तिची घटक चाचणी. ती येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करत होती, "मेणबत्ती जळताना ग्लासमधला सगळा ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेते. यावरून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध होते." तीन मार्कांचं उत्तर.

आणि मला माझा वर्ग आठवला. आमच्या सरांनी ताटलीत पाणी ओतलं, मधे मेणबत्ती उभी केली, पेटवली आणि वर काचेचा ग्लास उपडा ठेवला. ज्योत बारीक होत होत विझली, आणि मग पाणी सर्रकन वर चढलं. मी हात वर केला. म्हटलं, "सर, ऑक्सिजन तर ज्योत जळत असताना संपत होता ना? मग पाणी तेव्हाच का नाही चढलं? विझल्यावर का चढलं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "परीक्षेत हे विचारत नाहीत. बस खाली."

सर वाईट नव्हते. साठ मुलं, अर्ध्या तासाचा तास आणि सगळ्यांत मिळून एक ग्लास. पण त्यानंतर दहावी होईपर्यंत मी विज्ञानाच्या तासाला हात वर केला नाही. हे मी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आज थेट माइकवर सांगतोय.

तर भाचीला म्हटलं, वही ठेव, ग्लास आण. लाइट गेल्यावर लावतो त्या मेणबत्त्या घरात होत्याच. ग्लास जरा जाड घ्या हं, पातळ काच तडकते. आणि घरात मोठं कोणी असेल तेव्हाच करा. मी फोन स्लो मोशनवर लावला.

पहिल्यांदा एक मेणबत्ती. व्हिडिओत स्वच्छ दिसलं: ग्लास खाली टेकताना कडेने दोन-तीन बुडबुडे बाहेर आले. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ जागचं हललं नाही. ज्योत विझली, आतून काचेवर वाफ धरली आणि मग पाणी चढलं.

दुसऱ्यांदा त्याच ग्लासखाली तीन मेणबत्त्या. आता विचार करा. ग्लास तोच, आतली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. पाणी ऑक्सिजनमुळे चढत असेल, तर तितकंच चढायला हवं. पण ते पहिल्यापेक्षा बरंच वर गेलं! भाची ओरडलीच, "मामा, हे चीटिंग आहे!"

चीटिंग नाही, उष्णता आहे. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. ग्लास ठेवताना त्यातली थोडी बाहेर निसटते, तेच ते बुडबुडे. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त फुगणं, जास्त आकसणं.

आणि 'सगळा ऑक्सिजन संपतो' हेही खरं नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. म्हणजे बहुतेक ऑक्सिजन आतच राहतो. शिवाय जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेण जळताना ऑक्सिजनचे तीन रेणू गेले, तर कार्बन डायऑक्साइडचे साधारण दोन येतात. जागा रिकामी होते, पण अगदी थोडी.

गंमत म्हणजे हा प्रयोग फार जुना आहे. बायझँटियमच्या फिलोने तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लिहून ठेवलाय. चुकीचं उत्तर इतकं टिकतं, कारण पाणी कधी कधी खरंच पाचव्या भागाच्या आसपास चढतं. आकडा जुळला की आपण प्रश्न सोडून देतो.

मग एक पंचमांश खरोखर दाखवायचा कसा? गंजाने. लोखंडाच्या बारीक तारेचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून झटकायचा, उंच ग्लासच्या तळाशी घट्ट बसवायचा आणि ग्लास पाण्यात उपडा ठेवायचा. स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठलाच वायू सोडत नाही. ज्योत नाही, त्यामुळे फुगण्या-आकसण्याचा घोळही नाही. पाणी दिवसा-दोन दिवसांत हळूहळू चढतं.

सगळ्या शाळांत पाठांतरच चालायचं असंही नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीसाठी. मुलं गटागटाने आधी प्रयोग करायची, दिसलं ते लिहायची, मग वर्गात वाद घालायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि प्रयोगाचीही परीक्षा. मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्र लिहून काहीही विचारायची. आपल्या पुण्यात टेल्कोत इंजिनियर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून विज्ञानाची खेळणी करू लागले. कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मला याचा अजून राग येतो.

असो. भाचीचा खरा प्रश्न पुढेच होता. "मामा, मग मी उद्या पेपरात काय लिहू?"

ताई आतून म्हणाली, "वर्गात दिलंय ते लिही. हा मामा येणार नाहीये तुझे मार्क भरून द्यायला." ताईचंही चुकत नाही. तीन मार्क म्हणजे तीन मार्क. मी खरंच गप्प बसलो. भाचीनेच थोड्या वेळाने ठरवलं: आधी वहीतलं उत्तर लिहायचं, त्याखाली 'आम्ही घरी केले तेव्हा' असं लिहून तीन मेणबत्त्यांचं निरीक्षण.

पेपर अजून मिळालेला नाही. गंजाचा ग्लास ताईच्या ओट्यावर आहे, आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी त्यावर आजीने चिकटवलीय. रेकॉर्डिंगला बसण्याआधी भाचीचा फोटो आला. पाणी तिने पेनाने केलेल्या खुणेच्या जरासं खाली आहे, आणि फोटोखाली तिने विचारलंय, "उरलेलं का नाही चढलं?"