वल्ह्यांची जागा
(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे बालपण रत्नागिरीच्या भाट्ये खाडीकाठी गेले. म्हणून लहान होडीत वल्ही कशी ठेवावीत, एवढाच साधा विषय आज घेतो.

1978 सालची गोष्ट. मी नववीत होतो. चाचांबरोबर मासेमारीहून परतत होतो. शिडात वारा चांगला होता, म्हणून वल्ही आडवी टाकून मी त्यांवर ओले जाळे रचले. खाडीच्या तोंडाशी वारा एकदम पडला. पौर्णिमेचे उधाण आणि त्यात ओहोटी लागलेली. काजळी नदीचे पाणी जोराने बाहेर येत होते आणि वाळूच्या दांड्यावर समुद्राच्या लाटा त्याला भिडून फुटत होत्या. होडी आडवी होऊ लागली. "वल्ही दे!" चाचा ओरडले. मी ओढली, पण पाती जाळ्यात अडकली. शेवटी चाचांनी सुरी काढली आणि नवे जाळे कापले. वल्ही हाती आली, आम्ही वाचलो. जाळे विणायला मात्र आठ दिवस गेले आणि तेवढे दिवस घरात कमाई नव्हती.

चाचा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला होडीत बसवले, डोळे मिटायला लावले आणि वल्ही बांधायला व सोडायला शिकवले. वल्ही होडीच्या दोन्ही कडांना लांबीने ठेवायची. पाते पुढे, मूठ वल्हवणाऱ्याकडे. मागेपुढे दोन ठिकाणी दोरी, आणि गाठ अशी की एका ओढीत सुटावी. सैल ठेवली तर लाट वाहून नेते. पक्की बांधली तर वेळेला सुटत नाही. वर जाळे, टोपली, नांगराचा दोर काहीही नको. तळाच्या पाण्यात पडू देऊ नये, लाकूड कुजते. किनाऱ्यावर सावलीत ठेवावीत, उन्हाने तडकतात. आणि एक जादा वल्हे असावेच.

1972 साली ठरलेले आंतरराष्ट्रीय सागरी नियमही हेच शिकवतात. वल्ह्यांच्या होडीवर दिवा लावलेला नसेल, तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवावा, असे ते सांगतात. नुसता होडीत असून भागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकता त्यातले पुष्कळसे रोज लागणार नाही. पण वारा पडेल त्या दिवशी ते जाळ्याखाली सापडू नये. उजळणी करतात ती त्यासाठीच.

पालकांना एक विनंती. आता बहुतेकांच्या होड्यांना इंजिन आहे. इंजिनही बंद पडते. आज संध्याकाळी घरी गेल्यावर मुलाला बरोबर घेऊन होडीपाशी जा. डोळे मिटून वल्हे हाती येते का, पाहा. येत नसेल, तर जाळे उचला.