सरहद्द कोणाची?

अमेरिकेच्या इतिहासांतील ‘सरहद्द’ या शब्दाचे अर्थ इतिहासकारांनीं निरनिराळे लाविले आहेत. १८९३ सालीं शिकागो येथें फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनीं प्रतिपादिलें कीं, पश्चिमेकडील मोकळ्या भूमीनेंच तेथील लोकशाही घडविली. हर्बर्ट बोल्टन यांनीं १९२१ मध्यें मेक्सिकोंतून उत्तरेस सरकणाऱ्या स्पॅनिश सरहद्दीकडे लक्ष वेधलें. १९८७ सालीं पॅट्रिशिया लिमरिक यांनीं हा विस्तार म्हणजे मुलूखगिरीच होय, असें म्हटलें. पंचमहासरोवरांच्या प्रदेशांत फ्रेंचांना व मूळ रहिवाशांना दीर्घकाळ परस्परांशीं जुळवून घ्यावें लागलें, हें रिचर्ड व्हाइट यांनीं १९९१ मध्यें दाखविलें. टर्नर यांची ‘मोकळी’ भूमि कोणाचें तरी घर होती. म्हणून इतिहासकार सरहद्दीच्या कोणत्या बाजूस उभा आहे, हें वाचकानें आधीं पाहावें.