गेस आणि एस्टिमेट



आज आम्ही तुम्हांला इंग्रजीतले काही शब्द सांगणार आहोत. सगळे शब्द अंदाजाचे आहेत. हे शब्द आता आपल्या दारात आले आहेत. मिस्त्रीच्या कागदावर असतात, दुकानदाराच्या तोंडी असतात. ते नीट कळले नाहीत, तर खिशाला चाट बसते.

पहिला शब्द ‘गेस’. पक्की माहिती नसताना मनाने दिलेले उत्तर म्हणजे गेस. आपण त्याला अटकळ म्हणतो. मूठ मिटून ‘आत काय आहे, सांग’ म्हटले, की मूल सांगते तो गेस. काहीच आधार नसला, तर तो ‘वाइल्ड गेस’. आपण म्हणतो ना, अंदाजपंचे दाहोदरसे! तेच हे. ‘अ शॉट इन द डार्क’ म्हणजे अंधारात झाडलेली गोळी. लागली तर लागली.

थोडी माहिती हाताशी धरून बांधलेला अंदाज निराळा. तो ‘एज्युकेटेड गेस’. एज्युकेटेड म्हणजे शिकलेला. पण तो शाळा शिकलेल्याचाच असतो, असे नाही हं! वारा आणि ढग पाहून म्हातारा शेतकरी पाऊस सांगतो. तो शाळेत गेला नसेल. पण त्याचा अंदाज एज्युकेटेडच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती अशीच.

काही बोलण्यांचा अर्थ शब्दाला शब्द लावून कळत नाही. ‘इट्स एनीबडीज गेस’ म्हणजे ‘हे कोणालाच ठाऊक नाही’. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानाला बॉलपार्क म्हणतात. त्यावरून ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा.

आता महत्त्वाचा शब्द, ‘एस्टिमेट’. हाही अंदाजच, पण हिशेब करून काढलेला. समजा, घरावर पत्रे घालायचे आहेत. मिस्त्री पत्रे मोजतो, मजुरी धरतो आणि ४०,००० रुपये लिहून देतो. वर लिहितो ‘एस्टिमेट’. काम संपल्यावर म्हणतो, ‘४६,००० झाले.’ घरधनी चिडतो, ‘अहो, तुम्ही ४०,००० म्हणाला होतात!’ पण एस्टिमेट म्हणजे वचन नव्हे. खर्च वाढू शकतो, कमीही होऊ शकतो. ठरलेल्या कामाचा ठरलेला भाव लिहून हवा असेल, तर ‘क्वोटेशन’ मागावे.

मात्र पुष्कळ लोक हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. म्हणून नुसत्या शब्दावर विसंबू नये. सरळ विचारावे, ‘हा आकडा वाढेल का? वाढला तर किती? वाढवण्याआधी मला विचाराल ना?’ उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावे.

अंदाज करणे वाईट नाही. अंदाजावाचून पेरणीही होत नाही नि लग्नाचा स्वयंपाकही होत नाही. पण आकडा ऐकला, की विचारावे, ‘मोजून सांगता, की मनाने?’ विचारायला लाजू नये. आधी विचारावे, मग सही करावी.