भांडं पारखावं धातूवरून



आपल्या कुरुंदा-वसमत भागात हळद निघाली की भट्ट्या पेटतात. आता वाफेचे बॉयलर आले, तरी हळद शिजवायची जुनी कढई लोखंडाचीच. का बरं? लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस उष्णता लागते, ॲल्युमिनियम 660 अंशांवरच वितळतं. दिवसभर जाळावर राहून, वर मणाचं ओझं घेऊन लोखंड टिकतं. त्याचा शत्रू एकच, गंज. म्हणून तवा धुतला की लगेच पुसावा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावा.

ॲल्युमिनियमचं पातेलं हलकं असतं. तेवढ्याच लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा त्याचं वजन. तापतंही लवकर. पण चिंच, टोमॅटो, ताक यांच्या आंबटानं हा धातू थोडाथोडा अन्नात उतरतो. वरण-भात शिजवा, कढी-आमटी मात्र त्यात ठेवू नका.

स्टील म्हणजे लोखंडच, पण त्यात क्रोमियम मिसळलेलं. त्यामुळे गंजत नाही आणि आंबटालाही दाद देत नाही. ताक, कढी यांना स्टील चांगलं. मात्र ते उष्णता सगळीकडे सारखी पसरवत नाही, म्हणून भाजी एकाच जागी लागते. तांबं उष्णता भराभर पसरवतं. म्हणून तर पाण्याचा बंब तांब्याचा, आणि काही स्टीलच्या पातेल्यांना तळ तांब्याचा.

आता महत्त्वाचं, पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्या सांगायच्या. ते खरंच आहे. आंबटानं तांबं अन्नात उतरतं आणि उलट्या, पोटदुखी होते. कळकलेलं अन्न उकळून चांगलं होत नाही. ते फेकूनच द्यावं.

यावर उपाय कल्हईचा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील 232 अंशांवरच वितळतं, म्हणून कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कापडानं ते आतून सहज पसरवतो. पण याच कारणानं कल्हईचं रिकामं भांडं जाळावर ठेवू नये, थर निघून जातो. तारेच्या घासणीनंही घासू नये. आत पिवळं दिसू लागलं की कल्हई संपली समजा. आणि कल्हई शुद्ध कथलाचीच मागा. शिसं मिसळलं की स्वस्त पडतं, पण शिसं विषारी आहे. लेकरांच्या मेंदूला त्यानं कायमचा धोका होतो.

कल्हई गेली म्हणून पितळ घाईनं मोडीत देऊ नका. मोडीत पितळेला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव असतो. स्टीलच्या दोन डब्यांवर घागर देताना आधी वजन करा, भाव विचारा.

ज्या गटांकडे लग्नकार्याची मोठी पितळी पातेली आहेत, त्यांनी लग्नसराईआधी ती बाहेर काढून आतून बघावीत. कल्हईवाला एकदाच बोलवा, गल्लीतल्या सगळ्यांची भांडी एकाच दिवशी करून घ्या. पंगतीतल्या शंभर जणांचं पोट त्या एका पातेल्यावर असतं.