कळसूबाईच्या दर्शनाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावे असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मला भाषणाची सवय नाही. घरात बोलते ती गोष्ट निराळी! तेव्हा गेल्या मार्गशीर्षात आपण नऊजणी कळसूबाईला जाऊन आलो, ती हकीकत सांगते. ज्या आल्या नव्हत्या त्यांना घरबसल्या यात्रा घडेल, आणि मला एक कबुली द्यायची आहे, तीही ओघात देऊन टाकीन.

आपणा आसनगावकरणींना डोंगर नवा नाही. दार उघडले की माहुली समोर. तिच्या सुळक्यांना आपण नवरा, नवरी, भटोबा म्हणतो. डोंगरातही आपल्याला लग्नच दिसते! पण डोंगर पाहणे वेगळे आणि चढणे वेगळे. या गावी नांदायला येऊन मला एकतीस वर्षे झाली, पण डोंगराच्या वाटेला मी कधी गेले नव्हते.

पहाटेच्या लोकलने आम्ही कसाऱ्याला उतरलो. तिथून जीप करून घाट चढलो आणि इगतपुरी, घोटी करीत बारी गावी पोहोचलो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच. महाराष्ट्रात याहून उंच ठिकाण नाही. एका अंगाला अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका, दुसऱ्या अंगाला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते.

बारीत एका आजींकडे चहा घेतला. देवीची गोष्ट त्यांनीच सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर, रानावनात हिंडणारी. पायथ्याच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी ती कबूल केली. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी भांडी पुढे टाकली. कळसूने ती मुकाट्याने घासली आणि तशीच उठून डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

"तिनं आधीच सांगितलं व्हतं," आजी म्हणाल्या, "शबूद त्यांनी मोडला. तिनं न्हाय."

आम्ही हसलो. माझ्या शेजारी सूनबाई बसली होती. ती हसली नाही. तिने चहाचे पेले गोळा केले आणि विसळायला नेले.

भगिनींनो, आता कबुली. पाच वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीत मुलीच्या आईने मला विचारले होते, "हिला बी. एड्. करायचे आहे, चालेल ना?" मी चारचौघांत म्हटले, "चालेल म्हणजे काय, आम्ही करवून घेऊ." मग नातू झाला. मग यांचे आजारपण आले. मग आज नाही, पुढच्या वर्षी पाहू, असे होत गेले. मी कधी नाही म्हटले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. न विचारणे म्हणजे संतोष, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

वाट चढणीची आहे. कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. एका शिडीपाशी माझे पाय लटपटू लागले. सूनबाई पुढे होती. ती म्हणाली, "आई, खाली पाहू नका. माझ्या पावलांकडे पाहा. मी पाऊल उचलले की तिथे तुमचे ठेवा." तशी मी चढले. तिच्या टाचांना केवढ्या भेगा पडल्या होत्या! एका घरात राहून मी त्या पाहिल्या नव्हत्या.

माथ्यावर देवीचे देऊळ अगदी लहान आहे, दोघीतिघी आत गेल्या की भरले. वारा असा, की पदर सावरता येईना. अलंग, मदन, कुलंग हे गड समोर, आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी. आम्ही ओटी भरली. इतर जणी काही ना काही मागत होत्या. मला मात्र काही मागवेना.

माझा भाचा जपानात नोकरीला आहे. तिथल्या फुजी पर्वताची हकीकत त्याने मला सांगितली होती, ती मला तिथे आठवली. तो पर्वत ३७७६ मीटर उंच. त्याचीही देवता स्त्रीच, कोनोहानासाकुया नावाची. पायथ्याशी तिची देवळे आहेत, आणि शिखराचा माथाही देवस्थानाचाच आहे. पण शतकानुशतके बायकांना माथ्यावर जाण्याची बंदी होती. १८३२ साली ताकायामा तात्सु नावाची बाई पुरुषाचा वेष घेऊन चढली. १८७२ साली सरकारने बंदी उठवली. तरी ओमिने पर्वताच्या सान्जोगाताके शिखरावर आजही बायकांना जाऊ देत नाहीत. ऐकताना मी म्हटले होते, "काय बाई ते लोक!" कळसूबाईपुढे उभी असताना वाटले, आपल्याकडे वाटेवर पाटी नाही एवढेच. बंदी घरातून निघतानाच होते, आणि ती पुष्कळदा सासूच करते.

रात्री शेंडीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तलावाला वळसा घालून रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला गेलो. रतनगडाच्या पायथ्याचे हे शंकराचे प्राचीन दगडी देऊळ. नखभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. प्रवरा नदी याच डोंगरातून येते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने तिचेच पाणी अडवले आहे. देवळाजवळ पायऱ्यांची पुष्करणी आहे. कोनाड्यांत देवांच्या मूर्ती, आणि सगळे निवांत. इतर जणी देऊळ पाहत होत्या. आम्ही दोघी पायरीवर बसलो.

मी म्हटले, "बैठकीत मी शब्द दिला होता. तो माझ्या ध्यानात आहे. या वर्षी प्रवेश परीक्षेचा अर्ज भर."

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाळाला शाळेतून कोण आणील?"

"मी."

"आणि सकाळचा स्वयंपाक?"

"तो मी एकतीस वर्षे करते आहे."

तेव्हा ती रडली. खरे सांगायचे तर मीही रडले.

सूनबाई आता पहिल्या वर्षाला आहे. आज ती समोर नाही, कारण तिचा पाठ आहे. रात्रीची भांडी चिरंजीव घासतात. पहिले आठ दिवस आवाज फार झाला, आता कमी होतो. माझे गुडघे दुखतात, पण ते कळसूबाईच्या आधीपासूनच दुखत होते.

पुढच्या मार्गशीर्षात मंडळाने पुन्हा जावे अशी माझी सूचना आहे. चढवणार नाही त्यांनी बारीपर्यंत तरी यावे आणि आजींच्या तोंडून गोष्ट ऐकावी. मात्र येताना सासूने सुनेला बरोबर आणावे, आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही विचारावे. निघण्याआधी आपण कोणाला काय कबूल केले होते, तेवढे मनाशी आठवून पाहावे.